बर्फातल्या शिकारीसाठी बूट

आबा, लिहायला फार उशीर केला, राग धरू नका. तुम्ही गेलात तेव्हा मला नीट जोडाक्षरंही येत नव्हती. ती येईपर्यंत शाळा सुटली, आणि पुढे पोटामागे लागल्यावर गेलेल्या माणसाला काय लिहायचं, असं वाटून राहूनच गेलं. आज लिहायला बसलोय कारण मला भीती वाटतेय आणि ती घरात कुणाला सांगता येत नाही. तुमचा नातू अमेरिकेतल्या डोंगरात शिकारीला गेलाय. बुधवारी खाली उतरलो की फोन करतो म्हणाला होता. आज शुक्रवार आहे. इथं शारजात दुपारची नमाज सुटली, खालच्या रस्त्यावर पुन्हा गाड्या सुरू झाल्या, आणि मी फोनशेजारी स्टूल ओढून बसलोय. तुमची सून म्हणते, "अहो, त्या फोनकडे टक लावून बघितलं म्हणून तो लवकर वाजणार आहे का?" म्हणते खरी, पण कुकरची शिट्टी झाली तरी तिची नजर आधी फोनकडेच जाते.

ते बूट तुम्हाला आठवत असतील. शिकारीला येणाऱ्या साहेबानं तुम्हाला दिलेले, तपकिरी, घोट्याच्या वरपर्यंत येणारे. सांबराचा माग काढण्यात तुमच्यासारखा माणूस त्या घाटात नव्हता, म्हणून खूश होऊन त्यानं स्वतःच्या पायातले काढून दिले. तुम्ही ते खुंटीला टांगलेत. दर रविवारी तुम्ही अंगणात बसून त्यांना करंजाचं तेल चोळताय, मी समोर उकिडवा बसलोय. चोळून झालं की तुम्ही म्हणता, "घाल बघू पाय." मी पाय घालतो, माझी टाच आत हिंदकळते, तुम्ही मागून बोटं घालून बघता आणि म्हणता, "अजून लई जागा हाय." मग बूट परत खुंटीला. तुम्ही मात्र जंगलात अनवाणीच जायचात. एकदा मी म्हटलं, "आबा, बूट घाला की." तुम्ही असे डोळे मोठे केलेत की मी आईच्या मागं लपलो. "पाय वाजला की जनावर उठतं. शाना झालास व्हय?" त्यानंतर मी कधी विचारलं नाही.

आणि मग तो कारवीचा खुंट. तोडलेल्या कारवीचा खुंट किती तिरका आणि धारदार असतो, ते तुम्हाला मी काय सांगू. तळपायात घुसला, तुम्ही उपटून टाकलात, हळद भरलीत, चिंधी बांधलीत आणि दुसऱ्या दिवशी लंगडत पुन्हा साहेबाबरोबर गेलात. काही दिवसांनी तुमचा जबडा आवळला. आई पळीनं पाणी घालू बघतेय आणि दात उघडत नाहीत. जरा दार वाजलं तरी तुमचं अंग धनुष्यासारखं ताणतंय, म्हणून आम्हाला घरात पाऊल वाजवायची बंदी आहे. मी चवड्यांवर चालतोय. तुमच्या डोक्यावर, खुंटीला, ते बूट तेल पिऊन चमकताहेत. हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून अजून गेलेलं नाही, आबा. मी म्हातारा झालो तरी गेलेलं नाही.

पुढं माझं सगळं आयुष्य लोकांच्या पायांत गेलं. नात्यातल्या एकानं इकडं आणलं आणि शारजात, रोल्लाच्या बाजारात, कामगारांचे सेफ्टी शूज विकणाऱ्या दुकानात चिकटवलं. बांधकामावरची माणसं यायची. मी आधी पाय बघायचो, तोंड नंतर. टोचतं का, चावतं का, खिळा तळव्यातून आत येणार नाही ना, हे मी इतक्या वेळा विचारायचो की गिऱ्हाईक कंटाळायचं. आमचा शेठ सिंधी होता. म्हणायचा, "मामा, जूता बेच रहा है या बेटी ब्याह रहा है?" सगळे हसायचे, मीही हसायचो. पण एक गोष्ट मी तिथं शिकलो. इथल्या उन्हाळ्यात गोडाऊनमध्ये बूट पडून राहिले की वरून नवे कोरे दिसतात आणि तळ आतून मरतो. माणूस चार पावलं चालला की राजगिऱ्याच्या वडीसारखा तळाचा भुगा होतो. हातात वरचा भाग घेऊन, अनवाणी परत आलेली माणसं मी पाहिलीत. म्हणून बूट हातात आला की मी आधी तळात नख रुतवतो. दुकान सोडलं तरी ती सवय गेली नाही.

तर तुमचा नातू. इथंच वाढला, इथंच शिकला, दुबईत एका अमेरिकन कंपनीत लागला. मी आता त्याच्याच व्हिसावर इथं राहतो. गेल्या उन्हाळ्यात जेवताना म्हणाला, ऑफिसच्या ट्रेनिंगला अमेरिकेला जायचंय आणि तिथला साहेब त्याला शिकारीला नेणार आहे.

"कसली शिकार?" मी विचारलं.

"एल्क, बाबा."

"म्हणजे काय असतं?"

"डिअर. बिग वन. तुमच्याकडे ते सांबर असतं ना, तसंच. पण घोड्याएवढं."

माझा घास हातातच राहिला. तुमची सून म्हणाली, "घरात झुरळ निघालं तर खुर्चीवर चढतोस, आणि निघाला घोडा मारायला." तो हसला. म्हणाला, "आई, आय अ‍ॅम नॉट शूटिंग. मी फक्त बरोबर चालणार. बट आय नीड गुड बूट्स. बाबा, यू आर द एक्स्पर्ट."

एक्स्पर्ट म्हटल्यावर मला नाही म्हणता येईना. सुटीच्या दर दिवशी आम्ही बूट बघायला निघालो. शारजातली दुकानं झाली, मग खाडी ओलांडून बर दुबईतली. मी सुरुवातीला त्याला पुढे लोखंडी टोपी असलेलेच दाखवले, कारण मजबूत म्हणजे तेच एवढंच मला ठाऊक. तो म्हणाला, "बाबा, लोखंड बर्फात बोटं गोठवेल." ते पटलं. मग मी प्रत्येक जोडीत खोट काढायला लागलो. हा जड आहे, दिवसभर डोंगर चढशील तर मांड्या भरून येतील. हा हलका आहे, दगडावर घोटा मुरगळेल. याला शिवणी फार, पाणी आत जाईल. याची टाच सैल आहे, टाच हलली की फोड येणारच. याचा पंजा आखूड, उतारावर बोटं पुढे आपटून नखं काळी होतील. यात लोकरीचे जाड मोजे मावत नाहीत. बोलत होतो ते खोटं नव्हतं. पण बर दुबईतल्या दुकानातला पोऱ्या शेवटी हात जोडून म्हणाला, "अंकल, खलास. इससे ज़्यादा मेरे पास माल नहीं है." आणि मला बरं वाटलं.

परत येताना शारजाच्या रस्त्याला नेहमीसारखी गाड्यांची रांग लागली होती. गाडी जागची हलेना. तो समोर बघतच म्हणाला, "बाबा, यू आर नॉट चूझिंग बूट्स. तुम्ही फक्त नो म्हणताय."

सगळ्या गाड्यांचे मागचे लाल दिवे लागलेले, एसी चालू असूनही माझ्या पाठीला घाम. आणि तिथं, त्या गाडीत, मी त्याला पहिल्यांदा तुमची गोष्ट सांगितली. आजोबा आजारानं गेले एवढंच तो लहानपणापासून ऐकत आला होता. मी कारवीचा खुंट सांगितला, जबडा सांगितला, चवड्यांवर चालणं सांगितलं. त्यानं रेडिओ बंद केला. मग मराठीत विचारलं, "मग आजोबांनी ते बूट का नाही घातले?"

"पाय वाजला की जनावर उठतं, म्हणून."

त्यानं मान हलवली. "ओके," म्हणाला, "मग आपण न वाजणारे शोधू."

पुढच्या शुक्रवारी त्यानं स्वतः माझा हात धरून नेलं. दुसरं दुकान, तीच बर दुबई. तिथं मला नाही म्हणायला जागाच राहिली नाही. कातडं एका तुकड्याचं, शिवणी अगदी थोड्या. आतून पाणी अडवणारं अस्तर. घोट्यापाशी मऊ गादी, वर लेस अडकवायला आकडे. तळाला खोल दात, पण रबर मऊ. मी नख रुतवलं, रबर दबलं आणि परत वर आलं, म्हणजे जिवंत होतं. त्याला जाड मोजे घालायला लावले, टाचेमागं बोट घातलं, दुकानाच्या जिन्यावरून चढउतार करायला लावली. मग सांगितलं, "आता चाल. मी डोळे मिटतो." मी डोळे मिटून उभा राहिलो. फरशीवर काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. डोळे उघडले तर तो माझ्या अगदी पुढ्यात उभा. दुकानदार हसला, मी मात्र पोराचा दंड धरला. असा आवाज न करता हा माझ्या घरातून निघून जाईल, असं काहीतरी मनात आलं.

तरी थंडीचं काय? शारजात बर्फ कुठून आणणार? आमच्या बिल्डिंगमधला एक मलबारी शेजारी फ्रोझन कोंबड्यांच्या कोल्ड स्टोरेजवर होता. त्याला म्हटलं, पोराला थोडा वेळ आत उभं करतोस का, बूट तपासायचेत. तो म्हणाला, "हबीबी, यहाँ मुर्गी रखते हैं, बेटा नहीं." पण तयार झाला. बाहेर अंग भाजणारं ऊन, आणि माझा पोरगा स्वेटर, कानटोपी आणि ते बूट घालून त्या जाड दारातून आत गेला. दार बंद झालं. आतला आवाज बाहेर येत नाही, बाहेरचा आत जात नाही. मी शेजाऱ्याला विचारलं, आतून उघडतं ना? उघडतं म्हणाला. पुन्हा विचारलं. पुन्हा उघडतं म्हणाला. मी दाराला कान लावला. काही नाही. आबा, तेव्हा मला तुमची ती खोली आठवली, जिथं आम्ही आवाज करायचा नव्हता. मी दोन्ही मुठींनी दार बडवायला लागलो. शेजाऱ्यानं मला मागं ओढून दार उघडलं. धुरासारख्या गारव्यातून तो बाहेर आला, ओठ निळसर, आणि हसत होता. "बाबा, पाय एकदम गरम आहेत," म्हणाला. मी खाली बसून त्याचे बूट काढले, मोजे काढले, तळवे हातात घेतले. खरंच गरम होते. वर हात लावला तर गुडघे, हात, गाल सगळं गार. तेव्हा कळलं की मी फक्त पायाची काळजी घेऊ शकतो. बाकीचा माणूस माझ्या हातात नाही.

गेल्या रविवारी तिथून फोन आला होता. आवाज लांबून येत होता. म्हणाला, बूट मस्त आहेत, चावत नाहीत, साहेबही म्हणतो कुणी निवडले. उद्या वर जातोय, वर मोबाइल लागत नाही, बुधवारी बोलू. तुमच्या सुनेनं विचारलं, जेवलास का. मी फोन घेतला आणि म्हटलं, मोजे ओले झाले की लगेच बदल. "येस, बाबा," म्हणाला, आणि लाइन तुटली. नंतर काही नाही. बर्फ जास्त पडला असेल, रस्ता बंद असेल, असं तुमची सून म्हणते. मी हो म्हणतो.

हे कागद कुठं पाठवायचे नाहीत, तसा पत्ताही नाही. त्याच्या बुटांचं रिकामं खोकं कपाटावर आहे, त्यात ठेवून देईन. पण एक गोष्ट मी त्याला त्या दिवशी गाडीत सांगितली नाही. आवाजाचं कारण तुम्ही माझ्यासाठी तयार केलं होतंत. दर रविवारी माझ्या टाचेमागं बोटं घालून तुम्ही कशाची वाट बघत होतात, ते मला तेव्हाही कळत होतं. ते बूट तुम्ही माझ्यासाठी झिजू दिले नाहीत. मला कळत होतं आणि ते मला आवडत होतं, म्हणून मी दुसऱ्यांदा घाला म्हटलं नाही.

आता तुम्ही तिकडं, गेलेल्या माणसांत आहात आणि माग काढण्यात तुमचा हात कुणी धरणार नाही. त्याला तुम्ही पाहिलेलं नाही, पण मी लिहिलंय त्यावरून पायातले बूट ओळखाल. पाय वाजणार नाही, म्हणून नीट बघा. तो तिकडं आलेला नाही, आबा, एवढंच मला लवकर कळवा.