अनामिकेपुरती सही

ती. दाजी यांना शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र हातात पडलं की आधी शेवट वाचायची तुमची सवय मला ठाऊक आहे. या खेपेला कृपा करून क्रमाने वाचा. तुमचा गुडघा कसा आहे? ताईचं ब्लडप्रेशर उतरलं का, आणि उतरलं असल्यास तिने मीठ पुन्हा सुरू केलं का? आमच्याकडे सर्व क्षेम आहे. सर्व म्हणजे डाव्या हाताची अनामिका सोडून सर्व. तिला शुक्रवारी सकाळी काढून टाकायचं ठरलं आहे.

पत्र घरी न पाठवता तुमच्या वर्कशॉपवर पाठवतोय, तेही आमच्या ड्रमरच्या हाती, याला कारण आहे. फोन केला की ताई उचलते, आणि तिला एक बोट सांगितलं की संध्याकाळपर्यंत सगळ्या नातेवाइकांत माझे दोन्ही हात गेलेले असतात. तुम्ही उचललात तरी 'हं'च्या पलीकडे काही बोलत नाही. शिवाय या विषयातले आपल्या घरातले एकमेव जाणकार तुम्हीच. सोळा वर्षांपूर्वी करवतीने तुमच्या तर्जनीचं पेर नेलं, तेव्हा तुम्ही हाताला फडकं गुंडाळून आधी उरलेली फळी कापून पूर्ण केलीत आणि मग दवाखान्यात गेलात, हे ताई अजून सांगते (रागाने, पण पाहुणे असले की जरा अभिमानानेही). मी तेवढा शूर नाही. मी नुसता मूर्ख होतो, आणि बाहेरून बघणाऱ्याला हा फरक लवकर कळत नाही.

झालं ते असं. घट्टे म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. बेस गिटारच्या तारा सायकलच्या ब्रेकच्या तारेएवढ्या जाड असतात, आणि त्या दाबून दाबून सव्वीस वर्षांत माझ्या बोटांना असे घट्टे पडले आहेत की चहाचं उकळतं भांडं मी सांडशीशिवाय उतरवतो (उतरवत होतो). हा घट्टा कधी कधी फुटतो, त्याला चीर पडते. आम्हा तारवाल्यांचा त्यावर एकच उपाय. तुटकी चप्पल जोडायचा तो झटपट गोंद चिरेत भरायचा, फुंकर मारायची आणि वाजवायला बसायचं. मीही तेच केलं. दर तीन दिवसांनी एक थर. दुखत अजिबात नव्हतं. मला वाटलं, वा रे घट्टा! चारचौघांत सांगत फिरलो की आता मला तार टोचतच नाही. ती साखर होती, दाजी. रक्तातली साखर बोटांची जाणीव खाऊन बसली होती आणि मी तिला रियाज समजत होतो.

त्यातच तो शनिवार आला. हॉटेलात आठचा कार्यक्रम, आणि मी गोंद लावला पावणेआठला. पहिलंच गाणं संथ. मी अनामिका तिसऱ्या तारेवर टेकवली आणि ती तिथेच राहिली. चिकटली. ओढावी तर तारही बरोबर येते. गायिकेने सूर लावलेला, समोर चार जोडपी नाचायला उठलेली, आता थांबायचं कसं? मग खुंटीला बांधलेल्या गाईसारखं, जेवढं दावं पोचेल तेवढ्या टापूत उरलेल्या बोटांनी मी ते सबंध गाणं चरून काढलं. संपल्यावर एक वृद्ध गृहस्थ मुद्दाम उठून आले आणि म्हणाले, "आज खालच्या सुरांचं काम फार सुरेख झालं हो!" सव्वीस वर्षांत हॉटेलातल्या गिऱ्हाइकाने केलेलं हे माझं पहिलं कौतुक, आणि ते ऐकताना मी गिटारीला शब्दशः चिकटलेला होतो. मध्यंतरात बोट उपटलं. घट्टा तारेवरच राहिला. त्याच्याखाली पांढरं होतं, दाजी. रक्त नाही, वेदना नाही, वास मात्र होता. (गायिका पंधरा दिवस आपला माइक थोडा थोडा पलीकडे का सरकवत होती, त्याचा उलगडा तेव्हा झाला.) शहाण्या माणसाने तिथून तडक डॉक्टर गाठला असता. मी तो घट्टा तारेवरून सोडवला, परत जागेवर बसवला आणि वरून गोंद लावला. अजून आठ गाणी बाकी होती.

ताई नेहमी विचारते, एवढं आहे तरी काय त्या चार तारांत? तिला कधी नीट सांगता आलं नाही, आता पडल्या पडल्या तुम्हाला सांगतो. एकाच दिवसात मी सकाळी शाळेच्या स्नेहसंमेलनात साठ बेसूर पोरांना या तारांवर धरून ठेवलं आहे. दुपारी स्टुडिओत कुकरच्या जाहिरातीसाठी धोबी कपडे आपटतो तशा त्याच तारा अंगठ्याने बडवल्या आहेत, आणि रात्री हॉटेलात त्याच गिटारीला, पेन्शनर फेरफटक्याला निघावा तसं, एकेक पाऊल टाकत चालवलं आहे. तार न दाबता नुसती शिवली की तिच्यातून घंटेसारखा बारीक सूर निघतो, तळहात ठेवून वाजवली की दुसऱ्या खोलीत कुणी पावलं टाकतंय असं वाटतं. गेल्या वर्षी एका शोकसभेत मी एकट्याने बेस वाजवली. गेलेल्या माणसाची बायको नंतर म्हणाली, "बाकीची वाद्यं असती तर रडवलं असतं. हे नुसतं शेजारी बसलं." अर्थात सगळ्यांनाच अशी जाण नसते. हॉटेलच्या मॅनेजरने एकदा मला गाण्याच्या मध्येच बंद करून पाहिलं, तर नाचणाऱ्यांचे पाय थांबले आणि ते सगळे जेवायला बसले. मॅनेजर खूश. तेव्हापासून साडेनऊ वाजले की तो मला बंद ठेवतो. असो. माझा त्या लाकडावर जीव आहे, एवढंच सांगायचं होतं.

आता हॉस्पिटल. सर्जनबाई वयाने तुमच्या मुलीएवढ्या, आणि बोलतात तुमच्याइतक्याच. बोट पाहिलं, दाबलं, "दुखतंय?" म्हणाल्या. मी म्हटलं, मुळीच नाही. त्यांचा चेहरा पडला. न दुखल्याबद्दल चेहरा पाडणारं माणूस मी प्रथमच पाहिलं. अनामिका जाणार म्हणाल्यावर मी मात्र सुटकेचा मोठ्ठा सुस्कारा टाकला आणि त्यांना समजावून सांगितलं. हाताची पाची बोटं सारखी नसतात, आणि बेसवर तर नसतातच. तर्जनी कर्तीसवरती, मधलं बोट तिच्या हाताखाली, करंगळी दिसायला नाजूक पण लांबची सगळी धावपळ तिची. अनामिका आपली करंगळीच्या पाठीशी उभी, नवरदेवाच्या लांबच्या काकासारखी. ती गेली तर पंगतीत कुणाला कळणारसुद्धा नाही. जिवावरचं बोटावर निभावलं म्हणायचं. मी तर सरावही सुरू केला आहे. बँडेजमधलं ते बोट आत मुडपून खाटेच्या दांडीवर उरलेली तीन बोटं दिवसभर चालवतो. शेजारच्या खाटेवर निवृत्त बसड्रायव्हर आहेत, ते परवापासून माझी बोटं बघताहेत. आज राहवेना, म्हणाले, "किती झाले?" मी काहीतरी मोजतोय असं त्यांना वाटतं. मी म्हटलं, बरेच झाले.

तेव्हा काळजी नसावी. गुडघ्याला शेक घ्यावा. ताईला यातलं अक्षर कळू देऊ नये.

आपला,
धाकटा मेहुणा

ता. क. – ऑपरेशनच्या फॉर्मवर जवळच्या नातेवाइकाची सही लागते. शुक्रवारी सकाळी सातला पोचावं, चष्मा आणावा. बायको करते म्हणते, पण तिच्यापुढे तो फॉर्म जायला नको. कारण त्यावर नुसतं एक बोट लिहिलेलं नाही. 'अनामिका, आणि उघडल्यावर पू पुढे सरकलेला आढळल्यास आवश्यक तेवढा भाग, मनगटापर्यंत' असं आहे. बोट दिलं की मनगट धरणारी माणसं ऐकली होती, फॉर्म पहिल्यांदाच पाहिला. तळहात कालपासून सुजला आहे. तुम्ही फक्त अनामिकेपुरती सही करा आणि पुढची ओळ खोडा. बाई ऐकणार नाहीत, पण तुम्ही आजवर एकाही गिऱ्हाइकाचं ऐकलेलं नाही, म्हणून तर तुम्हाला बोलावतोय.

ता. क. २ – एक छोटंसं सुतारकाम. बेस एका हातानेही वाजते, हे वर सांगायचं राहिलं. तार छेडायचीच असं नाही, गळ्यावर बोटाने ठोकून दाबली तरी बोलते. इथे येण्याआधी घरी उजव्या हाताने चार दिवस करून पाहिलं. (आवाज लंगडा येतो, पण येतो.) फक्त गिटार आडवी ठेवायला एक घोडी लागेल. लांबी सेहेचाळीस इंच, उंची सत्तावीस, बसून वाजवता येईल अशी. गळ्याखाली मऊ काहीतरी लावा. लाकूड हलकं चालेल.

ता. क. ३ – ड्रमर दारात ताटकळतोय, म्हणून थोडक्यात. ती ओळ खोडू नका. बाईंना आत्ता विचारलं, खोडली तर काय? म्हणाल्या, मग हात राहील, तुमची खात्री मी देत नाही. दाजी, मला वाटलं होतं की त्या वाद्यावाचून मला जगायचंच नसेल. तसं नाही निघालं. लाज वाटते, पण मला जगायचं आहे. मला फार भीती वाटते आहे. सही अख्ख्या फॉर्मला करा. घोडी तुमच्या टेम्पोतच ठेवा, वरून ताडपत्री टाका. मी शुद्धीवर यायच्या आधी बाईंना गाठून विचारा. नुसतं बोट गेलं असेल तर घोडी तशीच परत न्या, मोडा, आणि तिच्याविषयी मला कधी सांगू नका. नाहीतर वर आणून खाटेच्या उजव्या बाजूला लावा आणि ड्रमर आणेल ती गिटार तिच्यावर ठेवा. डोळे उघडल्यावर मला आधी डावीकडे बघायचं नाही.