चौकोन क्रमांक चारचे घावन

प्रति,
मा. संचालक,
माती-श्वास मोजणी कार्यालय,
याकुत्स्क.

अर्जदार : प्रोकोपी स्लेप्त्सोव, मोजणीदार, किर्दाल केंद्र, कोलिमा नदीकाठ.

विषय : यंदाची नोंदवही रद्द न करणेबाबत, निदान चौकोन क्र. ४ वाचवणेबाबत.
संदर्भ : खुलासा मागणारे आपले पत्र, दि. २ सप्टेंबर.

महोदय,

१. आपल्या तपासनिसांना मोजणीसाठी आखलेल्या चौकोनांच्या मातीत लोणी सापडले, हे खरे आहे. ते मीच घातले. जूनमध्ये नदीकाठ खचला आणि कायम गोठलेल्या जमिनीत खणलेल्या आमच्या बर्फाच्या तळघरात गुडघाभर पाणी झाले, तेव्हा थोरली बहीण अक्सिन्या म्हणाली, "रोज जमिनीच्या पोटात सळई खुपसतोस. आधी तिच्या तोंडात घास तरी घाल." आमच्याकडे जमिनीला भरवल्याशिवाय खणत नाहीत. मी पदवीधर असूनही अक्सिन्यापुढे माझे काही चालत नाही. ती रोज लोणी लावलेली सात घावने बांधून देई, चौकोनागणिक एक.

२. पालथ्या डब्याखाली मोजलेला मातीतल्या सूक्ष्मजीवांचा श्वास तिप्पट झाला. लोण्यावर ताव मारल्यावर कोणाचाही श्वास वाढेल, हे मला सुचायला हवे होते. उलट मी 'हवामानबदलाचा धक्कादायक पुरावा' असे लाल शाईने लिहून, खाली दोन रेघा ओढून, आपणांस पाठवले. आपण ते परिषदेत वाचून दाखवलेत, याची मला जन्मभर लाज वाटेल.

३. चौकोन चार मात्र दलदलीपलीकडे आहे. तिथे पोहोचेपर्यंत मला भूक लागते. त्याच्या वाट्याचे घावन मी उन्हाळाभर वाटेतच खाल्ले. तपासनीस दलदल पाहून अलीकडूनच परतल्यामुळे तिथली माती तपासलीच गेली नाही. घावनाची ही गोष्ट अक्सिन्याला ठाऊक नाही; कृपया कळवू नये.

४. महोदय, ज्याला कणभरही मिळाले नाही, त्या चौकोनाचा श्वासही तिप्पटच आहे. मी पाच वेळा मोजला. हजारो वर्षे गोठून पडलेला पालापाचोळा खाली वितळतो आहे आणि तिथले जीव तोच खात आहेत, असे मला दिसते. मला भीती वाटते. मला खुशाल कामावरून काढावे, पण माझ्या मूर्खपणापायी ही एक खरी नोंद फाडू नये.

आपला नम्र व खादाड,
प्रोकोपी स्लेप्त्सोव
दि. ९ सप्टेंबर

सोबत :
१. चौकोन चारची नोंदवही.
२. घावन, अर्धे, तुलनेसाठी. (उरलेले टपाल कचेरीच्या वाटेवर संपले.)
३. चौकोन चारची माती, बाटलीबंद. तीत लोणी शोधावे. सापडले तर बरे होईल.