सिंधूचा अर्ज आणि समुद्रातला राक्षस

४ मे, रविवार
नात इरा सुटीला आलीय. कूलरपुढे बसून जुना जपानी राक्षसपट पाहिला. समुद्रात बॉम्बची चाचणी होते, तळाशी निजलेला प्राणी उठतो, शहर तुडवतो. लहानपणी कॉन्व्हेंटच्या हॉलमध्ये चादरीच्या पडद्यावर पाहिला होता हाच. राक्षस मेला तेव्हा आम्ही मुलींनी टाळ्या पिटल्या. सिस्टर बेनेडिक्टांनी दिवे लावले. "ज्यांनी हा काढला त्यांची शहरं खरंच जळाली होती. आता सांगा, याला उठवलं कुणी?"

लग्नानंतर ह्यांच्याबरोबर पाहिला. हे कोळसा खदानीत सुरुंगाचे साहेब. पडद्यावर इमारत पडली की म्हणायचे, "बार चुकीच्या जागी लावला." किती हसायचे मी. हे जाऊन सहा वर्षं झाली.

५ मे
सिंधू बारा वर्षं माझ्याकडे कामाला येते. गाव खदानीपलीकडे. गेल्या आठवड्यात तेंदूपत्ता तोडताना तिच्या नवऱ्याचा, देवाजीचा, खांदा वाघिणीने फाडला. खदानीच्या मातीच्या ढिगाऱ्यांवर बाभळी माजल्यात, वाघीण तिथेच राहते. पिंजरा लावा असा अर्ज लिहून दिला. गल्लीचे सगळे अर्ज माझ्याच अक्षरात. सिंधूने जीभ चावत सही केली. उद्या वन खात्याच्या ऑफिसात देते म्हटलं.

७ मे
दिला नाही. एक ओळ घालायचीय. ढिगाऱ्यांच्या जागी जंगल होतं, ही वाघीण उगाच गावाकडे आली नाही... पण ते लिहायचं तर ह्यांचे सुरुंगही लिहावे लागतील. अर्ज कपांच्या ट्रेखालच्या खणात.

९ मे
इराने पुन्हा सिनेमा लावला. सिंधू भाजी निवडत बसली होती. "याले काऊन मारून राह्यले? त्याचंच तं घर फोडलं!" पदराने डोळे पुसले.
इरा म्हणाली, "मग तुमची वाघीण?"
"तो सिनेमा हाये बाप्पा. हिनं माह्या माणसाले फाडलं."
खदानीतला दोनचा बार झाला. रोजच्यासारखे कप थरथरले.

१२ मे
पहाटे वाघिणीने सिंधूच्या अंगणातून शेळी नेली. देवाजीची खाट तिथून दोन हातांवर होती. तरी सिंधू कामाला आली. चमचे काढायला खण उघडला. सहीपलीकडे अक्षर वाचता येत नाही तिला.
"ही माह्यी सही हाये न?"
"हो."
"मंग हा कागद इथी कसा?"
एक ओळ घालायची राहिली, म्हटलं.
"तुमी ओळ शोधून राह्यल्या बाई. मी दार धरून बसली."
भांडी घासून पालथी घातली, मग गेली.

१३ मे
आली नाही. इराने भांडी घासली.

१४ मे
एका बैठकीत नवा अर्ज लिहिला. ऑटोने तिच्या गावी गेले, वाचून दाखवला. त्यात लिहिलंय, इथे जंगल होतं, माझ्या यजमानांनी सुरुंग लावले. वाघिणीला मारू नये, धरून दूरच्या जंगलात सोडावं.
देवाजी खाटेवरून म्हणाला, "साहेब चांगले होते. त्यायले काऊन मधात ओढता?"
"लिवलं ते राहू द्या," सिंधू म्हणाली. "पर पिंजऱ्याचं वरते लिवा."
वर लिहिलं. तिने पुन्हा सही केली. चहा दिला, समोर बसली नाही. परत येताना वन खात्यात अर्ज दिला, पोच घेतली.

१८ मे
परवा पिंजरा लागला, आत शेळी बांधलीय. सिंधू अजून कामाला येत नाही, फोन मात्र करते. आज दुपारी म्हणाली, "नाई आली अजून. पर पिंजऱ्यापाशी पिलायच्या पायाचे ठसे हायेत म्हनते. दोन पिलं."
"मग आता?"
"आता काय बाई. अर्ज तं आपुनच देल्ला न."
फोन तसाच कानाला. आधी तिच्याकडचा बार ऐकू आला, मग माझ्याकडचे कप वाजले.