पाचवी ओळ

नवीन जालना,
शुक्रवार, दुपार

प्रिय दैवशाला,

आधी एवढं ऐक, मग हवं तर पत्र फाडून टाक. सोमवारी अण्णासाहेब तुझ्यापुढे जो कागद ठेवणार आहेत, त्यावर सही करू नकोस. कामावर परत घेतो म्हणाले तरी करू नकोस. तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून वाटूरला माल घेऊन निघालेल्या बद्रीनाथभाऊंच्या हाती हे देते आहे.

तुझी खुर्ची अजून रिकामीच आहे. तुझी चटणी फार तिखट असते म्हणून रोज कुरकुरणारी मी, हल्ली घरचा डबा अर्धा तसाच परत नेते. तुझ्या बातम्या बद्रीनाथभाऊंकडून कळतात. पुंजारामकाकांनी ते चार एकर मोडून दुबार पेरणी केली म्हणे. तुझ्या शब्दावर ज्या अकरा घरांनी आपल्या कंपनीचं सोयाबीनचं बियाणं पेरलं, त्यांच्या रानातही अर्धी तासं न उगवता रिकामीच राहिली, आणि आता तू फाट्यावर दिसलीस की लोक बोलायचे थांबतात. काका मात्र तुला एका शब्दानं बोलले नाहीत. मला तेच जास्त टोचतं.

दिवाळीनंतर मी नवी प्रणाली लिहायला घेतली, तेव्हा केवढा तोरा होता माझा. बियाण्याचा लॉट, गोदाम, उत्पादक शेतकरी, उगवणीचा निकाल, या सगळ्या नोंदींसाठी मी एकच पायाचा साचा करत होते. आमच्या भाषेत बेस एंटिटी. माहितीच्या टेबलातली ओळ उचलून तुझ्या पडद्यावर आणायची आणि तू जतन केलंस की अख्खी ओळ परत जागेवर बसवायची. प्रत्येक नोंदीकडे चार गोष्टी असल्याच पाहिजेत, असा माझा नियम: तिचा क्रमांक, ती कधी तयार झाली, शेवटचा बदल कधी झाला आणि तो कोणी केला. चार ओळींचा तो साचा मला इतका आवडला होता की मी तुला बोलावून दाखवला.

तू डोकं खाजवत म्हणालीस, "ताराताईनं अन् म्या एकच नोंद उघडली, अन् दोघींनी लिव्हलं, मंग खरं कोणाचं धरायचं?"

मी हसले. शेवटी लिहील तिचं, म्हणाले. पण तुझा प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून संध्याकाळी मी पाचवी ओळ घातली: बदलाचा अनुक्रम. तू नोंद उघडल्यावर मधेच दुसऱ्या कोणी ती बदलली, तर अनुक्रम जुळत नाही आणि प्रणाली तुला तिथंच अडवते. अण्णासाहेबांना दाखवताना तिनं दोनदा अडवलं. त्यांच्या कपाळावर आठी पडली. हे असं सारखं थांबणार का, त्यांनी विचारलं. त्यांचा चहा संपायच्या आत मी ती ओळ काढून टाकली होती. तुला सांगितलं नाही.

मग जूनमधला तो दिवस. तू सकाळी तो लॉट उघडलास, शेतकऱ्याचा फोन नंबर दुरुस्त करायला, आणि टेम्पो भरायला आला म्हणून तशीच उठून गेलीस. अकरा वाजता ताराताईंनी प्रयोगशाळेतून उगवण कमी आली म्हणून तोच लॉट रोखला. तू जेवणाआधी परत येऊन नंबर लिहिलास आणि जतन केलंस. लॉट विक्रीला गेला, आणि नोंदीत शेवटचा बदल तुझा. चौकशीत पडद्यावर तुझंच नाव होतं, आणि तू सगळ्यांदेखत माझ्याकडे बघून म्हणालीस, "म्या लॉट मोकळा केलाच न्हाई. निस्ता नंबर बदलल्ता." मी खाली बघत बसले.

तू गेल्यावर मी दोन संगणक शेजारी ठेवले आणि दोन्हींवर एकच लॉट उघडला. एकावर तो रोखला, जतन केलं. दुसऱ्यावर फक्त फोन नंबरातला एक आकडा बदलला, जतन केलं. लॉट मोकळा झाला. दुसऱ्या पडद्यावरची जुनी ओळ अख्खीच्या अख्खी परत गेली होती आणि रोखल्याची खूण तिच्याखाली पुसली गेली होती. मी पुन्हा करून पाहिलं. सात वेळा केलं, सातही वेळा तेच.

हे मी आज केलेलं नाही, दैवशाला. तू गेलीस त्याच्या तिसऱ्या दिवशी केलं. त्याला एकोणीस दिवस झाले. रोज ठरवायचे, आज सांगते, आणि रोज घाबरायचे. आज सकाळी अण्णासाहेबांनी मला बोलावून तुझ्या सहीचा कागद टाइप करायला सांगितला: रोखलेला लॉट माझ्या हातून मोकळा झाला, मी चूक मान्य करते. मी तो टाइप केला. खाली तुझं नावही घातलं. छापून हातात घेतला तेव्हा मला माझीच किळस आली. मग बसून हे पत्र लिहिलं. याची एक प्रत, माझ्या सहीची, अण्णासाहेबांच्या टेबलावर आत्ताच ठेवून आले आहे. हे काकांना वाचून दाखव. त्या अकरा घरांना दाखव. तू तेव्हा विचारलं होतंस, खरं कोणाचं धरायचं. तुझं.

तू अजून म्हणू दिलंस तर, तुझीच
भार्गवी