आरोहीची आयरिशमधली सूट

३ सप्टेंबर, बुधवार
आरोही शाळेतून आली ती दार आपटूनच. प्राथमिक शिक्षिका व्हायचंय म्हणे, आणि त्या कॉलेजला शाळेच्या शेवटच्या परीक्षेत आयरिश लागतं, तेही चांगल्या मार्कांनी. हिला आयरिशची सूट आहे. चार वर्षांपूर्वी पुण्याहून आयर्लंडला आलो तेव्हा मीच शाळेत अर्ज करून घेतली. वर्ग आयरिश शिकतो, ही मागच्या बाकावर गणितं सोडवते. यात माझं काय चुकलं?
"यू डिड धिस, ममा." सोळा वर्षांची घोडी, आईला असं बोलते.

५ सप्टें.
सूट सोडायला पालकाच्या सहीचं पत्र हवं. टेबलावर आणून ठेवलं. केली नाही सही. दोन वर्षांत शून्यातून भाषा शिकणार, मग फिजिक्सचं काय? इंजिनिअरिंगचं काय? नीलेश म्हणाला, "अगं, करून टाक ना." आणि निघाला लिक्सलिपला, आपल्या कॉम्प्युटर-चिपच्या फॅक्टरीत. गोड बोलायला बाबा, भांडायला मी.

११ ऑक्टोबर, शनि.
त्या शिक्षकांच्या कॉलेजचा ओपन डे. आयरिश विभागाच्या टेबलाशी एक दाढीवाले प्राध्यापक. राहवलं नाही. म्हटलं, चार वर्षांत दुकानात कुणी या भाषेत दूध मागताना ऐकलं नाही मी. माझ्या मुलीच्या पायात हा खोडा कशाला? हसले नाहीत. म्हणाले, आम्ही अट काढली तर शिक्षक शिकणार नाहीत, मग मुलांना शिकवणार कोण? वर विचारतात, घरी ही तुमच्याशी कुठल्या भाषेत बोलते?
मी तोंड उघडायच्या आत आरोही म्हणाली, "इंग्लिश."
अंगाचा तिळपापड झाला. कोण कुठला माणूस, माझ्या घरात डोकावतो! आणि ही त्याच्या बाजूने.

१४ ऑक्टो.
जेवायला हाक मारली. "आय'म ग्रँड." म्हणजे जेवणार नाही. तिसरा दिवस. पोळ्या डब्यात तशाच.
पत्र अजून टेबलावरच.

८ नोव्हेंबर, शनि.
युनिव्हर्सिटीत नवशिक्यांसाठी आयरिशचा वर्ग असतो, शनिवारी सकाळी. तिनेच शोधला, बाबाला सांगून नाव घातलं. आजचा तिसरा. नीलेशची शिफ्ट, म्हणून मी सोडायला. पाऊस होता, दारापर्यंत छत्री धरून गेले. शिकवणाऱ्या बाई दारातच. माझ्याकडे बघून आयरिशमध्ये काहीतरी विचारलं. आरोही अडखळली, पण उत्तर दिलंन्. मी आपली मठ्ठासारखी उभी.
"काय गं म्हणाल्या?"
"शी आस्क्ड, आर यू जॉइनिंग टू. आय सेड नो."
आणि गेली आत.
गाडीत बसून हे लिहितेय. पत्र पर्समध्ये आहे. सही केलेली नाही. मी वर्गात गेले असते की नाही, ते सोडा. मला विचारायचं तरी.