तालमीतलं पदक

सोमवार
पोचलो एकदाच्या. छोटीला वाटेत गाडी लागली नाही, माझी बॅग हरवली नाही, म्हणजे सुरुवात तरी झकास. जगभरचे खेळाडू इथे यायचेत आणि त्यांच्या सरबराईला आमच्यासारखे हजारो बिनपगारी हौशी. गणवेश म्हणून भडक नारिंगी जाकीट मिळालं. त्यात छोटी छान दिसते आणि मी 'रस्ता बंद'ची पाटी. खोलीत दोन कॉट, एक कपाट, गिझर चालू. कडी नीट लागते का ते मी आधी पाहिलं. माझा स्वभावच संशयी. आई म्हणते, मी दूधवाल्याकडेही चोर असल्यासारखी बघते. निघताना तिनेच बजावलं, धाकटीला जशी नेतेस तशी परत आण. तिशीची घोडी झाली, पण घरात अजून छोटीच.

मंगळवार
आम्हाला काम मिळालं ते पदक समारंभाच्या तालमीचं. खरे खेळाडू तालमीला थोडेच येणार, म्हणून आम्हीच विजेते आणि आम्हीच प्रमुख पाहुणे. शिकवणाऱ्या बाईंच्या गळ्यात कायम शिट्टी, म्हणून छोटीने त्यांचं नाव शिट्टीबाई ठेवलं. त्यांचा एक नियम मात्र विचित्र. तालमीत पदक कुणाच्या गळ्यात घालायचं नाही. फीत छातीसमोर धरायची आणि पदक पुन्हा तबकात ठेवायचं. का, म्हणून विचारलं तर इथे असंच करतात, एवढंच म्हणाल्या. आम्ही ते खिशात घालू अशी शंका असणार. मला रागच आला.

बुधवार
आज मी पाहुणी आणि छोटी पहिली. शाळेत धावण्याच्या शर्यतीत ही कायम शेवटी यायची आणि घरी येऊन माझ्या कुशीत रडायची. सगळ्यात उंच पायरीवरून तिने हसत मान वाकवली आणि मला राहवलं नाही. घातलं गळ्यात. सगळे हसले. शिट्टीबाई हसल्या नाहीत, त्यांनी ते ओढूनच काढलं. तेवढ्यात समोरच्या रिकाम्या गॅलरीतून टाळ्या आल्या. खुर्च्या बसवणारे कामगार असतील, म्हटलं. नंतर वर जाऊन पाहिलं. खुर्च्या अजून प्लॅस्टिकच्या वेष्टनात होत्या आणि तिथे कुणी नव्हतं.

गुरुवार
नाश्त्याला खिडकीपाशी राखाडी जाकिटातला एक संघ बसला होता. पाठीवर देशाचं नाव नाही, समोरची ताटं रिकामी. सगळे छोटीकडे बघत होते, घरच्या माणसाकडे बघावं तसे. दारावरच्या रखवालदाराला विचारलं तर म्हणाला, राखाडी गणवेशाचा संघ आलेलाच नाही. हाही त्यांना सामील असावा, असं मला वाटलं.
छोटी आज पहाटे उठून मैदानाला फेऱ्या मारून आली म्हणे. दोन जिने चढली की कठडा धरून बसणारी बाई. अंगावर घामाचा थेंब नव्हता.

शुक्रवार
तिच्या मानेवर फितीचा वळ आहे. तेल लावून चोळलं, जात नाही. दुखत नाही म्हणाली. दिवसभरात तेवढंच बोलली.
शिट्टीबाईंना गाठलं. आधी उडवाउडवी केली, मग खालच्या आवाजात सांगितलं. मागच्या एका स्पर्धेत कुणीतरी थट्टेने एका पोरीच्या गळ्यात असंच पदक घातलं होतं. ती त्या राखाडी लोकांबरोबर निघून गेली, परत आलीच नाही. तालमीत जो जिंकतो तो त्यांचा होतो, म्हणाल्या. बहिणीला पुन्हा पायरीवर चढू देऊ नका.
मला घाबरवून या बाईंना काय मिळतं? का खरंच — आईला काय सांगू? दाराला आतून कुलूप लावलंय. किल्ली माझ्या उशाखाली.

शनिवार
आंघोळ करून बाहेर आले तर छोटी नाही. कुलूप तसंच. किल्ली उशाखालीच —
भर दुपारी मैदानात सापडली. उंच पायरीवर. अंगात राखाडी जाकीट. हाका मारल्या, ढिम्म. खाली ओढायला शेजारच्या पायरीवर चढले. हात धरला, गारठलेला. आणि मागून कुणीतरी माझ्या गळ्यात —
काढून फेकलं. लगेच फेकलं. टाळ्या थांबेनात. तिला ओढतच खोलीत आणली. मुकाट्याने आली. मला भीती वाटते.

रविवार
उद्घाटन संध्याकाळी आहे. एकही सामना अजून झालेला नाही. मुद्दाम लिहून ठेवते —
आत्ता आईचा फोन आला. आनंदाने रडत होती. टीव्हीवर दोघींना पाहिलं म्हणाली. छोटी पहिली आली, मी तिच्याशेजारी, दुसरी. राखाडी रंग तुला शोभतो, म्हणाली. पण दोघींपैकी एकही हसली नाही, असं का गं —
आम्ही खोलीत आहोत, आई. दोघी खोलीतच —
जिन्यात पावलं. बरीच. कुणी घाई करत नाहीये.
छोटी उठली. माझ्या मागे येऊन उभी आहे. माझे केस बाजूला सारते आहे, लहानपणी मी तिचे सारायचे तशी, हळूच. मान वाकवायची नाही. एवढंच. मान ताठ ठेवायची, काही झालं तरी मान —