सोमवारपर्यंतचा पाहुणा

३ नोव्हेंबर, रविवार
कुंभवलीत राहायला आले आणि पहिल्याच दिवशी लाड सुरू! घरमालकीण रखमाकाकूंनी वाडीतली केळी दिली, तांदळाची भाकरी वाढली आणि किती वाळलीस म्हणून दटावलंही. त्यांचा मुलगा कैलास दिवसभर कारखान्यात. सून प्रतीक्षा सात महिन्यांचं बाळ घेऊन माहेरी, म्हणून घर सुनं. माझी खोली त्यांच्या स्वयंपाकघराला लागून आहे. माझ्यासाठी वेगळा माठ भरून ठेवलाय, खास वाडीतल्या विहिरीच्या पाण्याचा. चव जराशी कडवट आहे, पण एवढ्या मायेने दिलेल्या पाण्याला नावं कोण ठेवणार? उद्यापासून बोईसरला पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी. आईला फोनवर सांगितलं, इथेही एक आई मिळाली.

९ नोव्हेंबर, शनिवार
काकू रोज सकाळी चहा घेऊन येतात आणि विचारतात, समिधा पोरी, बरी हायस ना? भूक लागते? हातापायाला काय नाय ना? माझे हात पालथे करून नखंसुद्धा बघतात. सख्ख्या आईने कधी माझी नखं पाहिली नव्हती! दोन दिवस पोटात ढवळतंय, पण मी एकदम बरी म्हणून सांगते. उगाच त्यांच्या जिवाला घोर नको.

१४ नोव्हेंबर, गुरुवार
आमच्या प्रयोगशाळेच्या इंद्रजीत सरांनी आज माझ्या गळ्यात एक जिवंत प्राणी मारला. शिरगावला जाळ्यात सापडलेला मँटिस श्रिंप. अंग कोळंबीसारखं, हात प्रार्थना कीटकासारखे दुमडलेले, त्यांना करवतीचे दात. पालघरच्या प्रदर्शनात त्याची टाकी सोमवारी तयार होईल, तोवर याला जगवायचं. पाच लिटरची प्लॅस्टिकची बरणी, हवेचा छोटा पंप, लपायला पाइपाचा तुकडा, दोन कॅन समुद्राचं पाणी. एक डोळा इकडे, एक तिकडे, असा बसलाय साहेब. नाव ठेवलं दिनानाथ.
काकू बराच वेळ बरणीसमोर बसल्या. मी वहीत काय लिहिते ते विचारलं. दाखवलं: खाल्लं का, रंग कसा, हालचाल किती. त्या हसल्या, म्हणाल्या की असंच लिवायचं, आमालाबी कागदाच्या रिपोर्टांचा भरवसा नाय, जीव बघितलेला बरा. शहाणी बाई.

१६ नोव्हेंबर
दिनानाथने कोळंबीचा तुकडा ओढून नेला. रंग चांगला. कॅनमधलं घेऊन निम्मं पाणी बदललं. पंपाच्या हवेने पाणी उडून खारटपणा वाढला होता, म्हणून माठातलं अर्धं फुलपात्र घातलं.
माझ्या पायांच्या बोटांना मुंग्या. काकूंना बोलले नाही.

१७ नोव्हेंबर, सकाळ
दिनानाथ पाइपाबाहेर, उताणा. पाय फडफडताहेत. खारटपणा मोजला, बरोबर. पंप चालू. समुद्राचं पाणी त्याच कॅनमधलं; नवीन गेलं ते फक्त माठातलं पाणी.
ते मी चौदा दिवस पितेय.

१७, दुपार
काकू देवळात गेल्या. चांगलं पाणी मिळेल म्हणून पहिल्यांदाच त्यांच्या स्वयंपाकघरात गेले. विकतच्या पाण्याचे तीन जार! विहिरीचं पाणी घरात कोणी पीतच नाही.
भिंतीवर कॅलेंडर. वाटलं, दुधाच्या नोंदी असतील.
"जेवली. रंग बरा." "अर्धी भाकर. विचारलं, बरी बोलली." तीन तारखेपासून रोज. सगळ्या माझ्या.
ऑगस्टच्या पानावर कोणी धीरज. एकवीस चौकटी. शेवटची — "उठत नाय. गावी धाडला. विहीर उपसायची."
या महिन्याच्या पानावर चोवीस तारखेला लाल गोल. "समिधा बरी राहिली तर प्रतीक्षा आणि बाळाला आणायचं."
मी या बाईला आई म्हटलं होतं. आई!

१७, संध्याकाळ
काकू दारात. बरी हायस ना? — घाबरून म्हणाले, एकदम बरी. धीरजसारखं मला कुठे धाडलं तर — सकाळी सरांकडे जाते. सरळ दवाखान्यात.

१८, सकाळ
पाय हलत नाहीत. सरांना फोन लावला, जीभ वळेना. ते हॅलो हॅलो करत राहिले, मग ठेवला. मेसेज लिहायच्या आत बॅटरी संपली. दिनानाथ पांढरा पडलाय. पंप अजून चालूच —

१८, थोड्या वेळाने
अंगणात रिक्षा. बाळ रडतंय. आजच आणलं — माझ्या "बरी"वर!
काकू आल्या, माठ उचलून नेला. माझ्या तोंडावर चादर होती, त्यांना मी झोपलीय असं वाटलं. भिंतीपलीकडे प्रतीक्षाला सांगताहेत, भिऊ नको, पोरगी पंधरा दिस हेच पिते, ठणठणीत हाय.
फसवलं मला. मीही रोज खोटंच — पण त्या बाळाने कोणाचं काय —
भिंतीवर फुलपात्र आपटतेय. काकू तिकडून विचारताहेत, उठलीस का ग पोरी, चहा आणते — तोंड उघडतंय, आवाज नाही — पुन्हा आपटलं — त्या हसताहेत —
वाटीत चमचा वाजला. बाळ गप्प झालं. ते पाणी त्याच्या —